सहाव्या सेमिस्टरमधली आत्या

मी माझ्या आत्याला सहाव्या सेमिस्टरमध्ये टाकलं. पहिल्यात टाकायला हवं होतं.

बारावीनंतर मी इतिहास घेऊन बी.ए. करणार म्हटल्यावर आमच्या दिग्रसच्या घरात कोणी रडलं नाही, पण कोणी हसलंही नाही. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. ते एवढंच म्हणाले, "जे होऊन गेलं ते शिकून काय करशीन?" मला उत्तर सुचलं नाही, म्हणून मी तक्ता केला. काही सुचलं नाही की मी तक्ता करतो, ही माझी जुनी खोड.

गेल्या वर्षीच्या कॅलेंडरची पाठ, चार रंगांचे स्केचपेन, सहा चौकोन. प्राचीन भारत, मध्ययुग, मराठे, इंग्रज, मग जग, असं सगळं ओळीनं. इतिहास क्रमानं शिकायचा असतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं, माझं मलाच कळलं होतं, त्यामुळे त्याचा जास्तच अभिमान होता. शेवटच्या चौकोनात हिरव्या अक्षरात लिहिलं: 'स्थानिक इतिहास प्रकल्प. आत्याची मुलाखत.' आत्या आधुनिक काळातली. तिच्या आधी अशोकाला उरकणं भाग होतं.

कॉलेज वणीला आणि राहणं आत्याकडे. तिच्याच स्वयंपाकघराच्या भिंतीवर मी तो तक्ता खळीनं चिकटवला. खळही तिनंच करून दिली.

आत्या ही वडिलांची सगळ्यात मोठी बहीण. आमचं मूळ गाव वणीपासून जवळच होतं. होतं म्हणजे आता नाही. तिथे कोळशाची खाण आली आणि गाव उठलं. ज्या जागी घरं होती तिथे आता खाणीतून काढलेल्या मातीचा डोंगर आहे, त्यावर बाभळी वाढल्यात. गाव उठलं तेव्हा आत्या लग्नाच्या वयाची होती आणि वडील तिच्या कडेवर होते. वडिलांना गावातली फक्त एक बकरी आठवते, तीही मारकी. आजा-आजी गेले, शेजारपाजार कुठे कुठे पांगला. आमची आळी पुरती आठवणारी एकटी आत्या उरली होती.

ती रोज दुपारी सूप घेऊन ज्वारी निवडायला बसायची, आणि निवडता निवडता फरशीवर गाव मांडायची. ज्वारीचा एकेक दाणा म्हणजे एकेक घर. तुरीचे दाणे म्हणजे विहिरी. हरभरा म्हणजे मारुतीचं देऊळ. आणि निवडताना निघालेला खडा म्हणजे पाटलाचा वाडा.

"पाटलाले खडा काहून?" मी विचारलं.

"दातात येत होता ना बाप्पा, म्हणून."

मग ती एकेका दाण्यावर बोट ठेवून सांगायची: हे अमक्याचं, इथं बाभळीखाली बाया बसत, हे आपलं, आणि आपल्या घरात या अंगाला माह्या मायची चूल. "हे लिहून घे. तुह्या बापालेही माहीत नाही. मायची चूल कुठं होती, एवढं तरी कागदावर राह्यलं पाह्यजे."

मी भाकरीचा तुकडा मोडत भिंतीकडे बोट करायचो. "आत्या, तू सहाव्या सेमिस्टरमध्ये हायेस. आता गुप्तांचं चालू हाय."

ती हसायची. शेजारणींनाही कौतुकानं सांगायची, "माह्यावाला नंबर शेवटी लागला हाय." दुसऱ्या वर्षी एकदा तिनं विचारलं, "अजून किती राजे राह्यले?" मी मोजून सांगितले. तिनं फरशीवरचे दाणे गोळा करून सुपात टाकले.

कॉलेजात इतिहासाच्या सरांना तक्त्याचा फोटो दाखवला, तेव्हा तेही म्हणाले होते की मुलाखत आधी उरकून घे, पुस्तकं कुठे जात नाहीत. मी म्हणालो, "सर, आधी संशोधनाची पद्धत शिकतो." सरांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मला वाटलं, प्रभावित झाले.

आत्या म्हातारी नव्हतीच हो. केस अर्धे काळे होते. पाचव्या सेमिस्टरची परीक्षा आठ दिवसांवर आली असताना ती सकाळी चुलीपुढून उठली आणि तिथेच कोसळली. लकवा. उजवा हात गेला, वाचा गेली. दवाखान्यात मी उशाशी बसून फ्रेंच राज्यक्रांती पाठ केली. ती सगळी पाठ झाली.

जानेवारीत सहावं सेमिस्टर लागलं. तक्त्याप्रमाणे मी नवी वही घेतली, चाळीस प्रश्नांची प्रश्नावली केली आणि आत्याच्या खाटेपाशी बसलो. पहिला प्रश्न, 'आपले संपूर्ण नाव?' तो मी खरंच मोठ्यानं वाचला. ती माझ्याकडे पाहत राहिली. मी वही मिटली.

आतेबहीण, म्हणजे आत्याची मुलगी, औषधाच्या दुकानात कामाला जाते. आईसाठी ती त्या दिवशी घरी होती. तिनं आत्याला भिंतीला टेकवून फरशीवर बसवलं आणि पुढे सूप ठेवलं. आत्यानं डाव्या हातानं दाणे उचलायला सुरुवात केली. अर्धे सांडत होते. पण तासाभरानं गाव उभं राहिलं. हरभरा जागेवर, तुरीचे दाणे जागेवर. खडाही शोधून ठेवला.

मी मोबाईलवर फोटो काढला. मला हायसं वाटलं, इतकं की लाज वाटावी.

मग आत्यानं माझा हात धरला आणि दाण्यांच्या रांगेवर फिरवला. सांग, असं तिचे डोळे म्हणत होते. मी एका दाण्यावर बोट ठेवलं. "हे आपलं घर?" तिनं मान हलवली, नाही. "हे?" नाही. "मग हे?" खडा मला कळत होता, देऊळ कळत होतं. बाकी सगळे ज्वारीचे दाणे. चौथ्यांदा चुकलो तेव्हा तिनं माझा हात सोडला आणि डाव्या तळव्यानं अख्खं गाव सुपाकडे लोटलं.

मी वर पाहिलं. भिंतीवर तक्ता होता, हिरवं अक्षर अजून ठसठशीत. आतेबहीण सांडलेले दाणे वेचत होती. माझ्याकडे न बघताच ती म्हणाली,

"अडीच वर्षं तिच्या हातची भाकर खाल्ली तू. ती खायले पाह्यलीस काय रे सेमिस्टरची वाट, गाढवा?"