ब्याऐंशीवं पान

उद्यमनगरातल्या फाउंड्रीत बसाप्पा वाळूचे साचे बांधायचा. एकवीस वर्षं. शेजारी कृष्णात, चार वर्षांनी धाकटा, त्याच्याच हाताखाली शिकलेला. दिवसाला सहा साचे बांधी, त्यातले दोन वाया. सुट्टीत डबा बाजूला सारून वहीत खरडत बसे.

पुढं कृष्णातानं काम सोडलं. दहा वर्षांत तीन कादंबऱ्या आल्या. तिसरी फाउंड्रीवरची. २००३ साली तिला पुरस्कार मिळाला, पेपरात फोटो आला.

"तुमच्या हाताखालचाच न्हवं?" बसाप्पाच्या बायकोनं, शिवलीलानं विचारलं.

"माझ्याच. कामचुकार हुता."

भाजले ते बसाप्पाचे हात, नाव मात्र कृष्णाताचं. बसाप्पानं पुस्तक आणलं ते खोट काढायला. ब्याऐंशीव्या पानावर ती घावली. नायकानं वाळू ठोकली, पण तारेनं हवेची भोकं न मारताच साचा मिटवला आणि लोखंडाचा रस ओतायला हाक दिली. बसाप्पानं पानाचा कोपरा दुमडला. पुस्तक मिटलं.

मंगळवार पेठेत सत्कार होता. बसाप्पा दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून पुढच्या रांगेत बसला. हार घालून होताच उठला.

"हवेची भोकं न मारता साचा मिटीवलाय ह्येनं! असल्यात रस वतला तर वस्तूची चाळण हुती. एवढंबी ठावं न्हाय, आन् म्हणं फाउंड्रीवर पुस्तक!"

कृष्णात स्टेजच्या कडेला आला.

"बसाण्णा, फुडचं पान वाचलंसा?"

"न्हाय."

"झालीच की चाळण. मग मिस्त्री घण घालून ती फोडतोय, आन् म्हणतोय, डागडुजी न्हाय, पयल्यापास्नं बांध. माझी बिघडल्याली वस्तू तुमीच अशी फोडली हुतीसा. ह्ये पुस्तक म्या नऊ येळा पयल्यापास्नं लिवलंय, ते तवाच्या सवयीनं."

टाळ्या पडल्या. बसाप्पा खाली बसला. एकवीस वर्षांत त्यानं एक साचा अर्धा सोडला नव्हता. पुस्तक मात्र अर्ध्यात मिटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो त्र्याऐंशीव्या पानापासून बसला. ओळीवर बोट ठेवून, अकरा दिवस, शेवटच्या पानापर्यंत. एक खोट घावली नाही. तेच जास्त झोंबलं.

"त्येची आदीची दोन हायत न्हवं?" तो बायकोला म्हणाला. "लायब्ररीतनं आण. त्यात असंल."