डॉर्कसने आभार मानले नाहीत

अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात चॉपटँक नदीच्या काठी कर्नल हार्विक यांचं घर होतं. त्यांच्या स्वयंपाकघरात डॉर्कसने सव्वीस वर्षं काढली, गुलाम म्हणून. कर्नलसाहेब राज्याचे पुढारी. त्यांची मतं लोक वर्तमानपत्रात वाचायचे, डॉर्कसला ती जेवण वाढताना ऐकावी लागायची.

उत्तर-दक्षिण युद्धाआधी ते पाहुण्यांना सांगत, "देवानंच यांना आपल्या पदरात टाकलंय." युद्ध पेटल्यावर म्हणू लागले, "सोडावं यांना, पण जहाजात घालून आफ्रिकेला धाडावं." डॉर्कसची आई आणि आजी तिथल्याच कुंपणापलीकडे पुरलेल्या. हे ऐकताना डॉर्कसच्या हातून कालवांचा गरम रस्सा पाहुण्याच्या बाहीवर सांडला. मुद्दामच सांडला, असं ती पुढे सांगायची.

मग शेतावरचे गडी एकेक करून पळाले आणि गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्या उत्तरेच्या फौजेत भरती झाले. गहू उभ्या उभ्या वाळला. अठराशे चौसष्ट साली कर्नलसाहेबांना एकाएकी साक्षात्कार झाला, की गुलामगिरी हे पाप आहे. राजधानीत जाऊन त्यांनी तिच्याविरुद्ध भाषण ठोकलं, मत दिलं. नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला घंटा वाजल्या, सगळे मोकळे झाले.

डॉर्कस लेकीला घेऊन बहिणीच्या खोपटात गेली. तिसऱ्याच दिवशी शेरीफ, तिथला पोलीस अंमलदार, कोर्टाचा कागद घेऊन दारात. आईला मुलगी पोसवत नाही, म्हणून अकरा वर्षांची टेमर अठराची होईपर्यंत कर्नल हार्विक यांच्याकडे 'काम शिकेल'.

"मला विचारलं का कुणी?"

"तुला कोण विचारतंय!" म्हणत त्याने पोरीला ओढत नेलं.

रविवारी काळ्या लोकांच्या चर्चमध्ये कर्नलसाहेबांचा सत्कार होता. सगळं हार्विक कुटुंब पहिल्या बाकावर. पाद्री भला, पण भित्रा. "डॉर्कसबाई, तू त्यांच्या घरची जुनी. आभाराचे दोन शब्द बोल."

ती उठली. "हार्विकसाहेब, माझी पोर कुठंय?"

'मालक' म्हणाली नाही, हे सगळ्यांनी टिपलं.

"सुखात आहे. पण मी तुम्हा लोकांसाठी काय केलं ते विसरू नकोस. माझं मत बदललं म्हणून तू आज इथं उभी आहेस."

"गडी पळाले म्हणून तुमचं मत बदललं. मोठी माणसं धरून ठेवता येईनात, तेव्हा सोडलीत. पोरांना पळता येत नाही, म्हणून धरलीत."

"तोंड सांभाळ!"

"सव्वीस वर्षं सांभाळलं की!"

पाद्री तिची बाही ओढू लागला. "बस गं बाई, खाली बस."

ती बसली नाही. बाहेर पडली ती थेट कर्नलच्या घरी. टेमर कढई घासत होती. "ठेव ती. चल." मेहुण्याची कालवं धरायची होडी धक्क्याला तयार होती. कर्नलसाहेब जेवायला घरी पोचले, तोवर मायलेकी खाडीच्या मध्यावर होत्या. त्यांनी वॉरंट काढलं, पण बाल्टिमोर शहराच्या गर्दीत त्या कुणाला सापडल्या नाहीत.

सहा वर्षांनी काळ्या पुरुषांना मताचा हक्क मिळाला. कर्नलसाहेब निवडणुकीला उभे राहिले आणि बाल्टिमोरच्या सभेत म्हणाले, "मी तर पहिल्यापासून तुमचा मित्र!" डॉर्कसला स्वतःला मत नव्हतं. ती गल्लीतल्या दारोदार फिरली आणि टेमरला पुढे करून सगळी हकीकत सांगत राहिली.

कर्नलसाहेब निवडून आले. त्या गल्लीतून मात्र त्यांना एकही मत पडलं नाही.