बेदाण्याचा रंग

तासगावच्या मोबाइलच्या दुकानात मी कंपनीचा टी-शर्ट घालून नवा फोन विकत होतो. "डोळ्याला दिसतं तसाच फोटो येतो," असं लाँचिंगच्या दिवशी सांगून सांगून घसा बसला होता. चार दिवसांनी एक बाई डबाभर बेदाणा घेऊन आल्या. फोन त्यांनी माझ्याकडूनच घेतला होता.

"माल हिरवा हाय, फोटोत पिवळा दिसतोय. फोटो धाडला तर व्यापारी नको म्हणतोय."

मी दारातल्या उजेडात तीनदा फोटो काढला. पिवळाच आला.

"अपडेट आला की सुधारेल," मी म्हणालो. आम्हाला तसं सांगायला शिकवलं होतं.

"तुमी तरी काय करणार," म्हणत त्या डबा घेऊन स्वतःच व्यापाऱ्याकडं निघाल्या. मी स्टुलावर बसलो. पुढचं गिऱ्हाईक आलं, तरी उठावंसं वाटेना.