दोष लाइनचा

लोखंडी पाइपांच्या गोदामात छताखालून धावणारी जी मोठी क्रेन होती, ती चालवणं हे त्याचं काम. तिथे सगळे त्याला क्रेनवाला म्हणत. जुने मित्र मात्र भर रस्त्यातसुद्धा ‘उस्ताद’ अशी हाक मारत, आणि त्या हाकेला तो कामावरच्या कुठल्याही हाकेपेक्षा लवकर वळून बघे.

हे नाव त्याला पडलं ते सायकल दुरुस्तीच्या दुकानामागच्या एका अरुंद खोलीत. तिथे व्हिडिओ गेमची मशिनं होती आणि त्यांतलं एक मारामारीचं होतं. पडद्यावर दोन पैलवान, समोर दोघे खेळणारे. हरेल त्याने बाजूला व्हायचं, जिंकेल त्याने उभं राहायचं. हा पोरगा दुपारी उभा राहिला की दुकान बंद होईपर्यंत हलायचा नाही. तो फार मारायचाच नाही. समोरच्याची लाथ पार नाकाशी येऊ द्यायचा, आणि बघणाऱ्यांनी ‘गेला!’ म्हणून ओरडावं तेवढ्यात ती अडवून असा ठोसा द्यायचा की समोरचा गार. “हा मारत नाही, हा वाट बघतो,” असं जाड्या नावाचा त्याचा दोस्त सगळ्यांना सांगत फिरायचा. जाड्या स्वतः त्याच्याकडून रोज हरायचा, पण सांगायचा असं की जणू पोराला त्यानेच शिकवलंय.

क्रेनवर त्याचा जम बसला तोही त्याच गुणावर. उचललेला माल क्रेन थांबली की झोके घ्यायला लागतो. नवशिका घाबरून दांडा उलटा ओढतो आणि झोका वाढवून ठेवतो. याने तसं कधी केलं नाही. माल पुढे गेला की तो नेमक्या क्षणी क्रेन त्याच्या मागे न्यायचा, आणि एवढं मोठं धूड जागच्या जागी मुकाट उभं राहायचं. खाली उभा राहून हाताने खुणा करणारा सिग्नलवाला आणि हा यांची जोडी अशी जमली होती की त्यांच्यात बोलण्याची वेळच यायची नाही. जेवायला मात्र दोघे एकत्र बसत आणि तेव्हा सिग्नलवाला दिवसभराचं साचलेलं एका दमात बोलून टाकी.

लग्न झालं, लेक झाली. घरात टीव्हीला जोडायचं गेमचं मशीन आलं. त्यातल्या डिस्का मित्रामित्रांत फिरायच्या. एक डिस्क हाती लागली की वर्षभर तिचा पिच्छा सोडायचा नाही, तिच्यातली भिंतन् भिंत पाठ व्हायची. पुढे ते मशीन बंद पडलं. दुरुस्तीवाल्याने उघडून बघितलं आणि मान हलवली. तोवर लेक कॉलेजात गेली होती. ती म्हणाली, “बाबा, आता मशीन लागतच नाही. गेम दूर कुठल्या तरी इमारतीत चालतो, आपल्याकडे नुसतं चित्र येतं. तू बटण दाबलंस की ते इंटरनेटच्या लाइनवरून तिकडे जातं, तिकडे ठोसा बसतो, आणि तो तुला इथे दिसतो.”

“म्हणजे मारामारी माझी, आणि बातमी मला मागाहून कळणार.”

“इतकं झटकन होतं रे, पत्तासुद्धा लागत नाही.”

“लग्नाआधी तुझ्या आईबद्दल मला असंच काय काय सांगितलं होतं.”

स्वयंपाकघरातून आवाज आला, “ऐकू येतंय हं मला. इथली लाइन चांगली आहे.”

सुरुवातीला तो हरखूनच गेला. शेकडो खेळ, एका बोटावर. गाड्या, जंगलं, बुडालेली शहरं. पण थोड्याच दिवसांत त्याच्या लक्षात आलं की आपला कशातच जीव रमत नाही. एक खेळ जरा अवघड गेला की बोट आपोआप दुसऱ्याकडे वळायचं. “हे म्हणजे दुसऱ्याच्या लग्नातलं जेवण झालं,” तो बायकोला म्हणाला. “ताट भरून वाढतात, पण चव कशाची लागली ते घरी आल्यावर आठवत नाही.” मग एके दिवशी त्या गर्दीत त्याला त्याचा जुना मारामारीचा खेळ सापडला. तेच दोन पैलवान, तोच घंटेचा आवाज. तो खुर्ची ओढून टीव्हीपुढे बसला आणि एका अनोळखी, कुठल्या तरी दूरच्या माणसाकडून सपाटून हरला.

पुन्हा खेळला, पुन्हा हरला. लाथ येताना त्याला दिसत होती, अडवायची कधी तेही कळत होतं. बटण दाबलं जाईपर्यंत लाथ बसलेली असायची.

“लाइनचा दोष आहे,” तो म्हणाला. यात चुकीचं काही नव्हतं. अशी रडगाणी जगभरचे लोक गातच होते. बटण आज दाबा, उडी उद्या, असे विनोद लेकीने त्याला फोनवर दाखवले आणि दोघे पोट धरून हसले. त्याने तक्रार केली. लाइनवाला येऊन वायर बदलून गेला. तरी तेच. त्याने लाइनचा डबा खिडकीत ठेवला, मग टीव्हीच्या डोक्यावर ठेवला, शेजाऱ्यांकडे जाऊन ‘तुम्ही संध्याकाळी काय एवढं डाउनलोड करता’ म्हणून वाद घालून आला. लाइनवाला दुसऱ्यांदा आला तेव्हा त्याने आपल्या यंत्रावर आकडे बघितले आणि म्हणाला, “काका, याहून चांगली लाइन या रस्त्यावर कुणाकडे नाही.”

“मग इमारत लांब असेल तुमची.”

“इमारत माझी नाही हो, काका,” असं म्हणून तो पोरगा जोडे घालून निघाला.

लेक त्याच खुर्चीत बसून खेळायची आणि जिंकायची. “मला काहीच उशीर वाटत नाही, बाबा.”

“तुला कसा वाटेल? तू खरं मशीन बघितलंयस कुठे?”

हे बोलताना तो हसला, पण त्या दिवशी शर्टाचं वरचं बटण लावायला त्याला फार वेळ लागला होता, आणि ते त्याने कुणाला सांगितलं नव्हतं.

जाड्या आता शहराच्या दुसऱ्या टोकाला राहत होता. त्याच्याकडे तोच खेळ असलेलं जुनं मशीन होतं आणि ते चालू होतं. एका रविवारी दुपारी हा तिकडे गेला. जाताना मनात एकच, की एकदा खऱ्या मशिनवर खेळून दाखवायचं आणि त्या दूरच्या इमारतीच्या नावाने कायमची आंघोळ करायची. जाड्याने धूळ पुसून वायरी जोडल्या. इथे ना लाइन, ना इमारत. मशीन पायाशी गुरगुरत होतं. घंटा झाली आणि जाड्याने लाथ मारली. ती लागली. दुसरीही लागली. जाड्या जिंकला आणि नाचायला लागला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने उस्तादला हरवलं होतं. दुसऱ्या डावातही तो जिंकला, पण या वेळी नाचला नाही. तिसऱ्या डावात मध्येच त्याने रिमोट खाली ठेवला.

“उस्ताद, मुद्दाम हरतोयस का?”

“खेळ तू.”

“हात बघू तुझा.” जाड्याने त्याचा उजवा हात ओढून उजेडात धरला. अंगठ्याच्या मुळाशी तळहाताचा जो गुबगुबीत उंचवटा असतो, तो सपाट झाला होता. कातडीखाली काहीतरी बारीक फडफडत होतं. “इथलं मांस कुठे गेलं रे?”

“वय झालं,” असं म्हणून त्याने हात सोडवून घेतला आणि चहाला न थांबता उठला.

त्याला सगळं कळलं होतं. बसमध्ये तो तळहात मांडीखाली दाबून बसला होता. डॉक्टरकडे जायचं हे त्याने ठरवलं, आणि पुढच्या आठवड्यावर ढकललं. पुढच्या आठवड्यात गोदामात मालाची गर्दी होती. त्यानंतर लेकीची परीक्षा. घरी त्याने तो मारामारीचा खेळ लावणं सोडून दिलं आणि सगळ्यांना सांगितलं की लाइनचा कंटाळा आला. कामावर तो आता दांडा अंगठ्याने न ढकलता मनगटाने ढकलायचा. सावकाश चालवायचा. सिग्नलवाला एकदा जेवताना म्हणालाही, “काय हो, अलीकडे फार जपून चालवताय. रिटायर व्हायचा विचार आहे की काय?” यावर तो काहीतरी थट्टेचं बोलला.

ते घडलं सकाळी, कामाच्या अगदी सुरुवातीला. पाइपांचा भारा उचलून तो कडेच्या रांगेकडे नेत होता. क्रेन थांबवली, भारा झोका घेत पुढे गेला. मागे जायचा तो क्षण त्याला स्पष्ट दिसला. हुकूम सुटला, आणि हात गेला नाही. तो गेला तेव्हा भारा परत फिरला होता, आणि त्याने क्रेन समोरून येणाऱ्या झोक्यावर नेली. झोका दुप्पट झाला. सिग्नलवाला रांगेला पाठ लावून उभा होता. त्याने दोन्ही हात वर केले, थांबा म्हणून. वर केबिनमध्ये किंचाळी पोचली नाही, फक्त लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला.

सिग्नलवाला वाचला. डावा पाय मांडीपासून काढावा लागला.

चौकशीला कंपनीचा साहेब बसला, क्रेन तपासणारा इंजिनिअर बसला. इंजिनिअर म्हणाला की ब्रेकचे पट्टे थोडे झिजलेले होते. बाहेर व्हरांड्यात युनियनचा माणूस क्रेनवाल्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “ब्रेकवर जातंय प्रकरण. तुम्ही तोंड उघडू नका म्हणजे झालं.” त्याचा जीव भांड्यात पडला. पुन्हा एकदा दोष दुसऱ्या कशाचा तरी निघत होता. आत बोलावल्यावर साहेबाने विचारलं, “ब्रेक लागायला उशीर झाला, असंच ना?”

त्याने आपला उजवा हात टेबलावर ठेवला.

“ब्रेक ठीक होता,” तो म्हणाला. “माझा हात उशिरा आला. हात चालत नाही हे मला आधीपासून माहीत होतं.”

युनियनच्या माणसाने कपाळावर हात मारून घेतला. नोकरी गेली, ती जायचीच होती. घरी आल्यावर बायकोने पाणी दिलं आणि समोर बसली.

“आधीपासून म्हणजे कधीपासून?”

त्याने जाड्याकडच्या दुपारचं सांगितलं.

“आणि मला लाइनच्या गोष्टी सांगत होतात.” ती रडली नाही, ओरडलीही नाही. “मी काय परकी होते का हो?” एवढंच म्हणाली आणि उठून आत गेली. तिने त्याच आठवड्यात त्याला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी सुया टोचल्या, हातोडीने गुडघे ठोकले, आणि मग खुर्ची जवळ ओढून सांगितलं की स्नायूंना चालवणाऱ्या नसा मरत चालल्या आहेत. हाताने सुरुवात झालीय, पुढे पाय, मग बोलणं, मग गिळणं. औषध आहे, पण ते थांबवणारं नाही.

चालता येत होतं तोवर तो सिग्नलवाल्याला भेटायला गेला. बायको बरोबर होती. सिग्नलवाला पलंगावर भिंतीला टेकून बसला होता, पायाच्या जागी चादर सपाट पडलेली. याने आजाराचं सांगितलं, हात जोडायचा प्रयत्न केला, पण ते नीट जुळेनात. सिग्नलवाल्याने सगळं ऐकून घेतलं.

“एक शब्द बोलला असतात तर मी लांब उभा राहिलो असतो,” तो म्हणाला, आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. सिग्नलवाल्याच्या बायकोने दार उघडून धरलं. हे दोघे बाहेर आले आणि जिन्यात बराच वेळ थांबून राहिले, कारण पायऱ्या उतरायला त्याला आता वेळ लागत होता.

लेकीला दूरच्या गावी नोकरी लागली. बाबाला सोडून जाणार नाही म्हणत होती, पण घर आता तिच्याच पगारावर चालणार होतं. जाण्याआधी तिने एक सोय करून दिली. ती तिकडे आपल्या फोनवर खेळेल आणि तोच खेळ याला इथे टीव्हीवर दिसेल. खेळ तसाही दोघांच्याही घरात नव्हता. सुटीच्या दुपारी बायको त्याला उशांच्या आधाराने बसवी, फोन कानाशी बांधून देई, आणि तो बोलत राही. “थांब. अजून थांब. येऊ दे त्याला. आता!” लेक जिंकली की तो असा हसायचा की बायकोला आतून यावं लागायचं. त्याच्या बोटांत चमचासुद्धा राहत नव्हता, तरी ती लेकीला फोनवर सांगायची, “आज तुझा बाप खूप खेळला गं, दमलाय.”

मग एके दिवशी तो खेळ तिथे नव्हताच. करार संपला म्हणून काढून टाकल्याची एक ओळ पडद्यावर आली होती. लेक फार चिडली, कुठे कुठे लिहून आली. तो म्हणाला, “जाऊ दे. दुसरं लाव.” ते तिला दोनदा विचारावं लागलं, कारण त्याची जीभ जड व्हायला लागली होती.

तिने दुसरं लावलं, मग तिसरं. त्यांत त्याला सांगण्यासारखं फार नसायचं. तरी ती विचारायची, “बाबा, आता काय करू?” आणि तो काहीतरी बोलायचा. ते हळूहळू नुसते आवाज होत गेले. बायकोला समजायचे, ती समोर असायची, ओठ बघायची. लेकीला फोनवर काही समजायचं नाही, आणि समजलं नाही असं म्हणायचं तिला धैर्य नव्हतं.

त्या रविवारी ती पडद्यावर कुठल्याशा डोंगरात चढत होती. तो बघत होता. मग त्याने सगळा जोर लावून एक वाक्य म्हटलं. बायको त्याच्या तोंडावरचं पुसायला वाकली होती, तिला ते नीट ऐकू आलं. जेवलीस का, असं तो विचारत होता.

“हो बाबा,” लेक घाईघाईने म्हणाली, “मारते ना उडी.” आणि पडद्यावरच्या माणसाने कड्यावरून उडी मारली.

बायको फोनकडे हात नेत होती. त्याने डोळ्यांनीच तिला नको म्हटलं.