आईची पेटी

आमच्या गल्लीच्या तोंडाला लाकडाचं दुकान आहे. त्या दुकानाच्या सुतारमामांनी मला मदत केली. हे आधी लिहून ठेवतो. पुढचं सांगताना मी अडखळेन, मागचं पुढं होईल, पण एवढं राहून जायला नको.

मी जालन्याकडचा. सातवीत शाळा सुटली ती सुटलीच. इकडं मुरुम गावाला आडतीवर पोती उचलायला आलो, मग लग्न झालं, मग आईला घेऊन आलो. इथं आम्ही ख्रिस्ती चार-दोन घरं. रविवारी कुणाच्या तरी खोलीत बसून उपासना करतो. उपासना चालवणारे पाळक लांबून येतात, जमेल तसे.

आईला इथं कुणी ओळखीचं नव्हतं. दुपारी ती मामांच्या दुकानाच्या सावलीत स्टुलावर जाऊन बसायची. मामा रंधा मारता मारता तिला चिडवायचे.

"आक्का, तुमचा येशूबाबा सुतार. म्हंजी आमच्यातलाच निघाला की!"

"मग त्याचं ऐकत जावा," आई म्हणायची. "त्यानं कवा गिऱ्हाइकाला उद्या या, उद्या या म्हणलं न्हाय."

मामांच्या लेकीला ताप आला तेव्हा आई तिच्या उशाशी बसून प्रार्थना करून आली. दिवाळीला त्यांच्याकडून ताट यायचं, नाताळाला आमच्याकडून जायचं. येणंजाणं म्हणावं तर एवढंच.

आईची एक पत्र्याची पेटी होती. खाटेखाली असायची, किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात. दर नाताळाला ताई गावाकडून काहीतरी पाठवायची, ते त्या पेटीत जायचं. आईची गोधडी फाटून आतल्या चिंध्या बाहेर आल्या होत्या. नवी चादर घेऊ का म्हणलं की म्हणायची, "पेटीत हाय. पाव्हणं आलं की काढू." इतक्या लांब कोण पाहुणं येणार होतं? पण मी बोलायचो नाही. माझा स्वभावच भित्रा.

उन्हाळ्यातली गोष्ट. सकाळी बायकोनं चहा ठेवला आणि आई उठली नाही. मी हाक मारली, हात लावला, मग तिथंच बसलो. कप निवायला लागला होता. आईचा तो चहा मी पिऊन टाकला. का प्यालो, अजून सांगता येत नाही.

ताईला कळवलं, ती लगेच बसमध्ये बसली. पाळकांना फोन केला. ते म्हणाले, "दुपारपर्यंत पोचतो. तोवर पेटीचं बघा."

मी मामांकडं गेलो. "मामा, एक पेटी करून द्या."

"भजनाची का?" मामा मान वर न करता म्हणाले. ते बाजाच्या पेट्याही दुरुस्त करायचे. "सूर बसलाय का भाता फाटलाय?"

"आईसाठी पायजे," मी म्हणालो.

त्यांनी पटाशी खाली ठेवली. अगदी हळू आवाजात विचारलं, "तुमच्यात बसवून माती देतेत का झोपवून? हितं लिंगायत लोक बसवून देतेत. माझ्या हातनं चूक व्हाय नगं."

"झोपवून."

ते दोरा घेऊन घरी आले. माप घेताना "आक्का, जरा," असं म्हणाले, जशी ती बाजूला सरकणारच होती.

ताईचा बसमधून फोन आला. "काय चाललंय तिकडं?"

"पेटीचं चाललंय."

"पेटीचं? आरं, आईला अजून माती न्हाय दिली आन् तू पेटी काढून बसलास? मी आल्याबिगर उघडायची न्हाय!"

"तू आल्यावर तरी कशी उघडता येईल, ताई? झाकणाला खिळे मारावे लागतेत."

"खिळे? कुलूप आसताना खिळे कशाला मारतूस?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की ती कुठल्या पेटीबद्दल बोलतेय. सांगायला तोंड उघडलं तर फोन कटला. परत लावला, लागला नाही. पुन्हा पुन्हा लावत राहिलो. त्या घडीला मला काळजी आईची नव्हती, ताईची होती. आईनंतर रक्ताचं म्हणून एकच माणूस उरलं होतं, आणि त्याला वाटत होतं की मी वाटण्या करतोय.

दुपारी मामांनी पेटी आणली. सरळसोट, चौकोनी, बिनरंगाची. आतल्या फळ्या उघड्याच होत्या. बायको म्हणाली, "अशा फळ्यांवर ठिवायचं आत्याबाईला? हातरायला घरात धड काय न्हाय. त्यांच्या पेटीतली चादर काढू."

"ताई नको म्हणलीय."

"आवो, मग गोधडीच्या चिंध्या हातरू का?"

दारात उभ्या असलेल्या मामांनी विचारलं, "काय झालं रं?" मी सांगितलं. ते उंबऱ्याच्या आत आले.

"पाव्हण्यासाठी राखली व्हती म्हणतूस न्हवं?"

"व्हय."

"मग आज पाव्हणी म्हणून निघालंय कोण? आक्काच की. उघड. ताई बोलली तर सुतारानं उघडाय लावली म्हणून सांग."

बायकोनं आईच्या गळ्यातला दोरा सोडवला. पेटी उघडली तसा डांबरगोळ्यांचा वास आला. स्वेटर, टॉवेल, चादर, स्टीलचे ग्लास. सगळ्यांवर दुकानाचे कागद तसेच चिकटलेले. सोनंनाणं काही नव्हतं. आईची वापरून झिजलेली वस्तू एकच होती, तिचं शास्त्र, म्हणजे बायबल. ते पेटीत नव्हतं, उशाशी होतं. पानांचे कोपरे कापसासारखे मऊ झाले होते.

चादर निळ्या फुलांची होती. अंथरताना डोक्याकडच्या फळीवर माझा हात अडखळला. तिथं कोरीव काम होतं. अर्धं फूल, मधोमध कापलेलं.

"मामा, हे काय?"

"वाळल्यालं सागवान तेवढंच व्हतं," ते म्हणाले. "फूल आक्काच्या उशाला घेतलंय." आणि बाहेर जाऊन बसले. मग बायकोनं कानात सांगितलं, ते लाकूड मामांनी लेकीच्या लग्नातल्या दिवाणासाठी कापून, कोरून ठेवलं होतं.

ऊन उतरताना ताई आली. आधी पाळकांकडं बघितलं, मग पेटीकडं, मग आईकडं. गुडघ्यावर बसली. चादरीच्या कडेला चिकटलेल्या कागदावर बोट ठेवलं.

"उघडली?"

"व्हय."

आता ती ओरडेल म्हणून मी वाट बघत उभा राहिलो. तिनं नखानं तो कागद सोडवला आणि मुठीत धरला.

"मला वाटलं, वाटण्या करायलास."

"न्हाय, ताई."

"ही मी कवाची धाडली व्हती. म्हणलं, आई रोज हातरत आसंल." मग आईकडं वळून, "एकदा तरी झोपायचं की गं हिच्यावर."

गल्लीतली माणसं जमली होती. ताई उठली, पेटीतले ग्लास काढले, कागद न सोडवताच विसळले आणि एकेकाला पाणी दिलं. मामांनाही दिलं. मामांनी ग्लास दोन्ही हातांत धरला होता. पाळकांनी प्रार्थना केली, काय काय म्हणाले ते मला आठवत नाही. ग्लासावरचा ओला कागद सोडवत मामा मान खाली घालून ऐकत होते, एवढं आठवतं. मग खिळे मारले. न्यायला आडतीचा टेम्पो होता. माती दिली. मला रडू आलं नाही, पुढंही बरेच दिवस आलं नाही. सोमवारी पोती उचलायला गेलो.

ताई जाताना पेटीतलं काही घेऊन गेली नाही. स्वेटर माझ्या बायकोला घातला आणि म्हणाली, "ठिवू नगंस. घाल." आता ती रोज फोन करते. आधी सणासुदीला करायची.

मामांच्या लेकीचं लग्न झालं. दिवाण नव्हता, बाजारातली लोखंडी खाट गेली तिच्याबरोबर. ती टेम्पोत मीच चढवली. मामांनी माझ्याकडं बघितलं नाही. लाकडाचा विषय काढला की एकच म्हणतात, "मातीला दिल्यालं कुणी परत मागतं व्हय रं?"

तुम्ही मागणार नाही, मामा, ते मला माहीत आहे. पण एक दिवस मी तुमच्या लेकीच्या दारात सागवानी दिवाण उतरवीन. तुमच्याच हातचा, तुमच्याच दुकानातला. तुम्ही उद्या या, उद्या या म्हणाल, मी रोज येऊन स्टुलावर बसेन. उशाकडच्या फळीवर फूल असेल, सगळ्या पाकळ्यांचं.