पेवातली हवा आणि आकाराम

आकाराम पेवात कोसळला त्या क्षणी मी अतिशय आनंदात होतो. माझ्या हातातल्या बाटलीत चुन्याची निवळी होती आणि ती नुकतीच दुधासारखी पांढरी झाली होती. महिनाभर जे घडावं म्हणून मी धडपडत होतो ते घडलं होतं. पेवाच्या तोंडाशी गुंडा हमाल दोर धरून ओरडत होता, "आकाराम! आरं ए आकाराम!" खालून उत्तर येत नव्हतं. आणि मी गुंडाला म्हणालो (हे लिहितानाही मान खाली जाते), "जरा हळू ओरड ना, मी सेकंद मोजतोय."

गुंडानं माझ्याकडे एकदाच पाहिलं. मग दोघा हमालांना हाक मारून त्यानं दोर ओढला. ओल्या गोणीसारखा लोंबकळत आकाराम वर आला. त्याच्या तोंडावरचा रंग उडालाय का, ते कळायला काही मार्ग नव्हता, कारण तो बारमाही पिवळाच असे. पोत्यानं वारा घातला, पाणी मारलं. बऱ्याच वेळानं त्यानं डोळे उघडले आणि पहिला प्रश्न विचारला, "दिवा जळतोय का?"

गुंडानं वाकून खाली पाहिलं. "जळतोय की रं. चांगला जळतोय."

आकारामनं पुन्हा डोळे मिटले. दिवा जळत होता हे खरंच. तो कुठं जळत होता, ते मात्र तिथल्या पाच माणसांत फक्त मला माहीत होतं.

ही गोष्ट सेहेचाळीस साल लागायच्या आधीच्या डिसेंबरातली. मी सांगलीत बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो. आमच्या रसायनाच्या टेंबे सरांच्या मनात त्या वर्षी आलं, की मुलांनी नुसती पुस्तकं घोकू नयेत, प्रत्येकानं आजूबाजूचं काहीतरी स्वतः शोधून काढावं. झालं! एकानं कृष्णाकाठच्या डबक्यांतल्या डासांच्या अळ्या मोजायला घेतल्या आणि तो हिवतापानं आठवडाभर झोपला. दुसऱ्यानं गवळ्यांच्या दुधातलं पाणी मोजलं. तिसऱ्या दिवसापासून आमच्या वसतिगृहाचं दूध बंद. मला सरांनी हरिपूरची पेवं दिली.

हरिपूर सांगलीपासून पायी जाण्याच्या अंतरावर. तिथल्या जमिनीच्या पोटात हळदीची पेवं आहेत. पेव म्हणजे रांजणासारखा खड्डा: तोंड दीड-दोन हात, पोट मोठं, खोली पंधरा-सोळा हात. आत पाला अंथरून हळद ओतायची, वर शिळा ठेवून मातीनं लिंपून टाकायचं. वर्षभरानं काढली तरी हळदीला कीड नाही, रंग उलट चढलेला. पण बंद पेवातली हवा मरते. शिळा काढल्यावर निदान अर्धा दिवस पेव उघडं ठेवावं लागतं, आणि मग पहिल्यांदा आत उतरायचं ते काम आकारामचं.

तो अंगानं काडीपैलवान. रुंद खांद्याच्या माणसाचं या धंद्यात कामच नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात भरतीचे लोक गावात आले तेव्हा तोही रांगेत उभा राहिला होता. छाती मोजून त्यांनी त्याला परत पाठवला. "बरं झालं," तो म्हणायचा. "छाती भरली आसती तर पेवाच्या तोंडात आडाकलो आसतो. मंग ना सरकारचा, ना शेटचा." त्याचं धोतर पिवळं, नखं पिवळी, घरातली मांजरसुद्धा पिवळी. "लोकांला हळद लागती दोन दिस. आमी बारमाही नवरदेव!" असं तो म्हणाला की बायको बनुबाई चुलीपासून उत्तर देई, "आन वरात रोज भुईत!"

त्याचा आवाज मात्र देहाला न शोभणारा. पेवात उतरलेल्यानं सारखं बोलत राहायचं, बोलणं थांबलं की वरच्यानं दोर ओढायचा, असा तिथला कायदा. तीस वर्षं हा कायदा पाळून पाळून त्याला वर आल्यावरही गप्प बसता येत नसे. शेजाऱ्याची भांडणं, नदीचं पाणी, सुनेचं बाळंतपण, सगळं तो अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं सांगे, आणि ऐकणारा क्षणभर गप्प राहिला तर घाबरून विचारी, "हायसा न्हवं?"

पण हळदपेठेत त्याचा शब्द मोठा होता. "आकारामनं बघितलंय," एवढं म्हटलं की हमाल पुढचं काही न विचारता पेवात उतरत. तीस वर्षांत त्याच्या शब्दावर उतरलेल्या एकाही माणसाला साधी घेरी आली नव्हती. शेती नाही, हातात दुसरं कसब नाही. त्याच्याजवळ होता तो हा शब्द.

त्याची परीक्षा साधी. दोराला कंदील बांधून आत सोडायचा. कंदील हळदीच्या ढिगाला टेकला आणि एक पान खाऊन होईपर्यंत ज्योत नीट राहिली, तर उतरायचं. काजळली, फडफडली, तर नाही. माझी परीक्षा जास्त थाटाची. लांब रबरी नळी पेवात सोडायची, तिचं वरचं टोक पाण्यानं भरलेल्या बाटलीला जोडायचं. बाटलीची तोटी उघडली की पाणी गळायचं आणि तेवढी खालची हवा वर खेचली जायची. ती चुन्याच्या निवळीतून सोडली की निवळी पांढरी व्हायची. जितक्या लवकर पांढरी, तितकी हवा वाईट.

"मास्तर," आकाराम म्हणाला (कॉलेजात जातो म्हणजे मी मास्तरच), "चुना तर माझ्या डबीत बी हाय. पान खाऊन सांगू का हवा कशी हाय ती?"

गुंडा खदाखदा हसला. मीही हसलो, पण खरं सांगायचं तर मला ते झोंबलं. शास्त्राचा अपमान वाटला. वय एकोणीस होतं.

तरी त्यानं मला सगळं दाखवलं. कुठल्या मातीतलं पेव लवकर मोकळं होतं, ढगाळ दिवशी किती थांबायचं, ज्योतीचं टोक कसं बघायचं. बनुबाईनं भाकरी वाढली. चार आठवड्यांत मी त्यांच्या घरचा झालो. अडचण एकच होती. आकाराम पेव इतकं व्यवस्थित मोकळं करी, की माझी निवळी पांढरी व्हायची ती फार तर ताकासारखी. टेंबे सर वही बघून म्हणाले, "नमुना घेताना जवळ दिवा नको. ज्योतीनं हवा बदलते." सरांचं बरोबरच होतं. पुढचं माझं.

त्या दिवशी बसाप्पा शेटचं अर्धं उपसलेलं पेव उघडलं होतं. मी म्हणालो, "आज कंदील मी सोडतो."

"सोडा की," आकाराम कौतुकानं म्हणाला. "शिकलासा आता." आणि तो पान लावायला बसला.

मी कंदील सोडला. माझ्या नळीचं टोक ढिगापाशी होतं. कंदील तिथं गेला तर माझा नमुना बिघडणार. म्हणून मी तो चार हात वरच ठेवला आणि दोर खुंटीला बांधला. नमुना घेऊन झाला की खाली सोडू, असा विचार होता. तेवढ्यात आकारामनं विचारलं, "टेकला का?"

मी म्हणालो, "टेकला."

इतकं सोपं होतं ते. वरून उन्हातून आत बघणाऱ्याला खोली काय कळणार? काळोखात ज्योत तेवढी दिसते, आणि ती सरळ होती. आकारामनं पान संपवलं, काखेखालून दोर घेतला आणि माझ्याशी सुनेच्या बाळंतपणाचं बोलत बोलत आत उतरला. थांबवायला हवं होतं. पण बाटलीतलं पाणी नुकतं गळायला लागलं होतं, आणि मनात आलं, एवढ्यानं काय होतंय! उभा होता तोवर त्याला काही झालं नाही. टोपली भरायला वाकला आणि माझी निवळी ज्या हवेनं पांढरी झाली त्याच हवेत त्याचं डोकं गेलं.

तो वाचला. दोन दिवस डोकं धरून बसला, तिसऱ्या दिवशी हिंडायला लागला. मी दोन्ही दिवस त्याच्याकडे गेलो, संत्री घेऊन गेलो, पायाशी बसलो. सगळं केलं, फक्त बोललो नाही. पहिल्या दिवशी म्हटलं, आत्ता आजारी आहे, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी म्हटलं, आता बराच झालाय, कशाला सांगायचं? लाजेला कारणं पुरवण्यात माझा हात कुणी धरला नसता.

मग मी निबंध लिहिला. त्यातलं एक वाक्य मला अजून तोंडपाठ आहे: "पेवात उतरणारे अशिक्षित कामगार केवळ दिव्याच्या ज्योतीवर विसंबतात; परंतु ही पद्धत भरवशाची नाही, हे प्रस्तुत प्रयोगाच्या वेळी ज्योत उत्तम जळत असतानाही एक अनुभवी कामगार बेशुद्ध पडला यावरून सिद्ध होते." वाक्य व्याकरणशुद्ध आहे. त्यात खोटं काय आहे ते लिहिणाऱ्याशिवाय कुणाला सापडणार नाही.

फेब्रुवारीत साताऱ्याला विद्यार्थ्यांचा विज्ञानमेळावा भरला. तिथं मी तो वाचला. नेमक्या त्या वाक्याला टाळ्या पडल्या. अध्यक्ष म्हणाले, पोथीपेक्षा प्रत्यक्षावर भर देणारा हा तरुण आहे. माझे वडील साताऱ्याच्या कचेरीत कारकून. ते मागच्या बाकावर बसले होते आणि उपरण्यानं डोळे पुसत होते. बक्षीस म्हणून मला घड्याळ मिळालं.

टेंबे सर फार भले गृहस्थ. शोध व्यापारी वर्गाच्या उपयोगी पडावा म्हणून त्यांनी तो पदरचे पैसे घालून छापला आणि प्रती स्वतः सायकलवरून हळदपेठेत वाटल्या. बसाप्पा शेटच्या पुतण्यानं तो पेढीवर मोठ्यानं वाचून दाखवला. कामगाराचं नाव मी लिहिलं नव्हतं, हा माझा चांगुलपणा. पण पेठेत पेवात पडलेला माणूस एकच होता.

मार्चात गुंडा मला सांगलीच्या बाजारात भेटला. मी आपणहून विचारलं, "आकाराम कसे आहेत?"

"हायती," गुंडा म्हणाला. "त्येंच्या शब्दावर आता कोन पेवात उतरंना. म्या बी न्हाई उतरलो. लेकरं हायती मला." आणि पुढं गेला.

त्या रविवारी मी हरिपूरला निघालो. एकट्यानं जायचा धीर होईना म्हणून साताऱ्याहून आणलेल्या कंदी पेढ्यांचा पुडा बरोबर घेतला. बनुबाई दारातच होती. पुडा बघून ती हरखली. "आगं बया! पेढं कशाचं? बक्षीस मिळालं म्हनं तुमाला, खरं का?"

"हो," मी म्हणालो. म्हणजे पुन्हा तेच.

तिनं पुडा फोडून शेजारपाजारच्या पोरांना एकेक पेढा वाटला. "आमच्या मास्तरनी पेवातल्या हवंवर पुस्तक लिवलंय," असं ती प्रत्येकाला सांगत होती. आत काय लिहिलंय ते तिला कुणी वाचून दाखवलेलं दिसत नव्हतं. माझ्या हातावरही तिनं एक ठेवला. तो मी खाल्ला. न खाऊन काय सांगणार होतो?

"आणि आकाराम कुठायत?" मी विचारलं.

तिचा आवाज उतरला. "कायलीवर. मळ्यात हळद शिजती तिथं जाळ घालत्यात."

मळ्यात मोठ्या कढईखाली चर खणला होता. त्या धगीसमोर उकिडवा बसून आकाराम वाळला पाला जाळात सारत होता. हे काम कुणालाही येतं. ते बायकांना नाहीतर म्हाताऱ्यांना देतात. मला बघून त्यानं मान हलवली, बोलला नाही. मी समोर बसलो. धूर डोळ्यांत जात होता, ते एक बरं होतं.

"आकाराम," मी म्हणालो, "तो कंदील टेकला नव्हता. मी चार हात वर बांधला होता. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोललो."

त्यानं आणखी एक पेंडी जाळात सारली. "म्हाईत हाय."

"कसं?"

"दोर मोजला म्या तिसऱ्या दिशी. गाठ तशीच हुती खुंटीला."

"मग कुणाला सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं की शेटला. त्येनी तुमचं कागुद काडलं. म्हनलं, छापल्यालं येक बोलतंय, तू येक बोलतोस."

कढईवरचं पोतं उचलून त्यानं एक हळकुंड काडीनं टोचून पाहिलं, परत झाकलं. मी तोवर रडायला लागलो होतो. म्हणालो की तीन महिने मला झोप नाही, की आज तुमच्याजवळ बोललो म्हणून छातीवरचा दगड उतरला, की आता तुम्ही काय ती शिक्षा द्या नाहीतर मला माफ करा.

आकाराम पाला सारत म्हणाला, "मला सांगून काय हुतंय? पेठंत जाऊन सांग."