मुनीमाला गंज कळेना

आमच्या मुलीची कंपनी आमच्याच माडीवर निघाली आणि माझ्याच तोंडाने बुडायला आली.

पूर्वी कंपनी म्हटली की माणसं लागायची. हल्ली एक मुलगी, एक लॅपटॉप आणि वेळेवर चहा देणारी आई एवढ्यावर भागतं. शहराच्या टोकाला, बेसाच्या आमच्या घरात सानिकाने तेवढ्यावरच ‘मुनीम’ तयार केला. मुनीम म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता! दुकानाचा फोन वाजला की तो उचलणार, गिऱ्हाइकाशी मराठीत बोलणार आणि ऑर्डर लिहून घेणार. प्रोग्राम लिहायलाही तिच्या हाताखाली दुसरी कृत्रिम बुद्धिमत्ताच होती. (रजेचा अर्ज न करणारा सहकारी मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला.)

माणसाची गरज पडली ती फक्त आवाजासाठी. मी मराठीचा निवृत्त शिक्षक. आवाज दिला, आणि भाषेचा कारभार कोणी न मागता हाती घेतला. सानिका शब्द विचारायची, मी निवाडा द्यायचो. ‘गंज’ आला तेव्हा तर मी ताठ बसलो. गंज लोखंडावर चढतो. स्वयंपाकाच्या मोठ्या भांड्याला पातेलं म्हणायचं! बायको जुन्या बाजारातली, इतवारीतली, भांड्यांच्या दुकानात वाढलेली. चहा गाळता गाळता ती म्हणाली, “अहो, इतवारीत असं कोनी बोलत नाही. गंजाले गंजच म्हणू द्या.” मी तिच्याकडे नापास मुलाकडे पाहावं तसं पाहिलं.

मग पैसे गुंतवणाऱ्या एक बाई मुनीम बघायला पुण्याहून येणार असं ठरलं. त्या दिवशी सकाळी सानिकाला घास जाईना. “बाबा, असे मुनीम आता कोणीही महिन्याभरात बनवतो,” ती म्हणाली. “आज जमलं नाही, तर मी कंपनी बंद करून बंगळुरूची नोकरी धरते.” एकुलती एक मुलगी, आणि बंगळुरू काही बेसाच्या शेजारी नाही! पण मी तिला धीर दिला की मुनीमाची मराठी चोख आहे, काळजी नको.

मुनीमाची परीक्षा इतवारीत, माझ्या मेहुण्याच्या, दीपकच्या दुकानात होती. त्याने बाईंना स्टुलावर बसवलं आणि फोन स्पीकरवर टाकला. बाहेर हातगाड्यांचा गलका होता. घंटी वाजली. भाऊराव केटरर, जुनं गिऱ्हाईक. फोनवर यंत्र आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं.

“मले दोन मोठे गंज पाहिजे होते.”

मुनीम माझ्या आवाजात, माझ्याच तोऱ्यात उत्तरला, “आमच्या भांड्यांना गंज चढत नाही. तरीही आपली तक्रार नोंदवतो.”

“तक्रार कोनची? उद्या लगन आहे. मी टेम्पो घेऊन येऊन राहिलो.”

“आपण येऊन राहिलात, आनंद आहे. मुक्काम किती दिवस?”

“काहून? माही सासरवाडी आहे का ही?”

“‘काहून’ या नावाचं भांडं आमच्याकडे उपलब्ध नाही.”

सानिका लॅपटॉपवर बोटं आपटत होती, पण मुनीम काही थांबेना. (वर्गात मलाही कोणी थांबवू शकलं नव्हतं.) बाई नुसत्या ऐकत होत्या, चेहऱ्यावर रेघ हलत नव्हती. तिकडून भाऊरावांनी शेवटचं सांगितलं, “दीपकभाऊले सांगजो, मी दुसऱ्या दुकानात चाललो.”

मला डोळ्यांसमोर बंगळुरूची गाडी दिसली. मी फोनवर झडप घातली आणि ओरडलो, “भाऊ, थांबा ना! गंज भेटते तुमाले! काहून चिडून राहिले?”

असलं वाक्य मी घरात कोणाला पूर्ण करू दिलं नव्हतं. तेवढ्यात त्याच फोनमधून माझाच आवाज मला म्हणाला, “क्षमा असावी. कृपया मराठीत बोलावं.”

पलीकडून भाऊराव हळूच विचारते झाले, “दीपकभाऊ, हा मानूस सोताशीच भांडून राहिला का गा?”

दीपकने फोन ओढून घेतला आणि दोन गंज कबूल केले. बाई इतक्या हसल्या की स्टूल डगमगलं. सानिकाचे डोळे मात्र भरले होते, आणि मला जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं. हसू आवरल्यावर बाई तिला म्हणाल्या, की पुस्तकी बोलणारे मुनीम त्यांच्याकडे रोज येतात. या भाऊंचं बोलणं समजणारा अजून एकही आला नाही. तसा करून दाखवला तर त्या पैसे लावायला तयार होत्या.

“फक्त याचे मास्तर बदला,” त्या म्हणाल्या. सानिकाने माझ्याकडे पाहिलं नाही. पोरीचे संस्कार चांगले आहेत.

कंपनी तरली, बंगळुरू टळलं. आता माडीवर मुनीमाची शिकवणी बायको घेते. तिचा वर्ग रंगात आला की जिन्यावरून हाक येते, “अहो, चहा काहून येत नाही?”

मी खालून उत्तर देतो, “आणून राहिलो!”